गाडी उचलायचीच, तर बिल आपल्या नावावर येऊ दे

कॅलिफोर्नियातल्या टाउनहाउस वसाहतींत घरमालकांच्या असोसिएशनच्या, म्हणजे एचओएच्या, बैठकीला एरवी दहा माणसं जमत नाहीत. भलत्या जागी लावलेल्या गाड्या उचलून नेणारी टोइंग कंपनी नेमण्याचा विषय निघाला की मात्र खुर्च्या कमी पडतात. सध्या तो वरचेवर निघतो आहे. 2025 च्या उन्हाळ्यात राज्याने कायदा बदलला आणि नियम मोडणाऱ्या सदस्याला एचओएने करायच्या दंडावर एका उल्लंघनामागे 100 डॉलरची मर्यादा घातली. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तरच त्यापुढे जाता येतं. पार्किंगच्या बाबतीत दंडाचा धाक गेला म्हटल्यावर असोसिएशनच्या बोर्डांना टोइंगचे ट्रक आठवले. मग दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम, गाडी भलत्या जागी दिसली की उचला. दुसऱ्याचं म्हणणं, ही टोइंगवाली मंडळी लुटारू असतात, त्यांना फाटकाच्या आत घेऊच नका. तासभर भांडून झालं की कोणीतरी तीन कंपन्यांची प्रपोजल्स पुढे सरकवतो आणि दोन्ही तटांची नजर एकाच ओळीवर जाऊन थांबते: असोसिएशनला खर्च, शून्य. सगळ्यांना हायसं वाटतं. ठराव मंजूर.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ती ओळ दिसली की प्रपोजल तिथेच मिटून ठेवावं. गाड्या उचलाव्यात की नाही हा इथला खरा प्रश्न नव्हेच. पैसे कोण कोणाला देतो आणि ‘उचल’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघतो, हे दोन प्रश्न आधी सोडवायला हवेत. फुकट करारात कंपनी निवडतो बोर्ड, पैसे भरतो गाडीवाला, आणि कोणती गाडी केव्हा उचलायची हे ठरवतो ट्रकवाला, ज्याला प्रत्येक उचललेल्या गाडीमागे कमाई आहे. अशा त्रिकोणात माणसं कितीही सज्जन असोत, गाड्या गरजेपेक्षा जास्तच उचलल्या जाणार. आपण कंपनी नेमतो ती रस्ता मोकळा ठेवण्यासाठी, पण रस्ते खरोखर मोकळे राहिले तर तिचा धंदा बसतो. आपलं हित ज्याच्या तोट्यात आहे, त्याला आपल्या वतीने निर्णय घ्यायला बसवणं शहाणपणाचं आहे का?

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. एचओएचे आतले रस्ते, पाहुण्यांच्या पार्किंगच्या जागा, कचऱ्याच्या डब्यांसमोरची मोकळी पट्टी ही सगळी खाजगी मालमत्ता असते. तिथल्या पार्किंगचे नियम राबवायला पोलीस सहसा येत नाहीत. अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी माणसं अशा कुठल्या ना कुठल्या असोसिएशनच्या छत्राखाली राहतात. म्हणजे वाहतूक पोलिसाचं काम तितक्या लोकांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निवडून दिलेली पाच माणसं करतात, तीही बिनपगारी. आपल्या मराठी घरांना याची झळ विशेष लागते, कारण आपल्याकडे माणसं येतात. गणपतीच्या दिवसांत एकेका घरी आरतीला आठ-दहा गाड्या येतात. भारतातून आलेल्या आईवडलांना भेटायला येणारे वेगळेच. आणि ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणाऱ्या तटातही आपलीच मंडळी हिरिरीने बोलत असतात, हेही सांगून टाकतो.

त्या तटाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फायर लेनचंच, म्हणजे बंबासाठी मोकळ्या ठेवायच्या पट्टीचंच घ्या. आगीच्या बंबाला जायला साधारण 20 फूट मोकळा रस्ता लागतो, अग्निसुरक्षेची प्रमाण संहिता तेवढा मागते. टाउनहाउसच्या अरुंद गल्लीत लाल पट्ट्याच्या कडेला एक एसयूव्ही उभी राहिली की हे गणित मोडतं. तिथे गाडीवाल्याशी संवाद साधू, नोटीस लावू, सुनावणी घेऊ, असं म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. दुसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत जड आहे. दंड होतो तो सदस्याला. पलीकडच्या अपार्टमेंटमधला कोणी रोज रात्री आपल्या वसाहतीत गाडी लावून सकाळी निघून जात असेल, तर त्याला कोण कसा दंड करणार? त्याचं नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, आणि त्याचा आपल्या नियमावलीशी काडीचाही संबंध नाही. त्याच्यापुरता ट्रक हाच कायदा. तिसरा मुद्दा बोर्डातल्या माणसांचा: रात्री दोन वाजता उठून शेजाऱ्याची गाडी उचलण्याच्या परवानगीवर सही करायला कोण जाईल? परक्या कंपनीने केलं तर निदान ते निःपक्षपाती तरी होईल, असं त्यांना वाटतं. आणि चौथा, जो सगळ्यांना कळतो: विम्याचे हप्ते वाढलेत, मेंटेनन्स वाढलाय, त्यात आणखी एक खर्च कशाला?

हे चारही मुद्दे खरे आहेत आणि त्यातला एकही फुकट कराराच्या बाजूने उभा राहत नाही. फायर लेनसाठी कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने आधीच वेगळी वाट ठेवली आहे. कलम 22658 म्हणतं, हायड्रंटपासून (बंबाला पाणी देणाऱ्या नळापासून) 15 फुटांच्या आत, फायर लेनमध्ये, किंवा प्रवेशाची वाट अडवून उभी असलेली गाडी कंपनीला सरसकट परवानगीवर उचलता येते. फक्त आधी फोटो काढायचा. बाकी प्रत्येक गाडीसाठी असोसिएशनच्या माणसाने त्या वेळी जागेवर हजर राहून, नियम मोडला गेल्याची खातरी करून, लेखी परवानगी द्यावी लागते: गाडीचा नंबर, कारण, गाडी प्रथम कधी दिसली ती वेळ, परवानगी देणाऱ्याचं नाव आणि सही. म्हणजे कायद्याने आणीबाणी आणि गैरसोय यांत रेघ ओढलेली आहे. ‘आम्ही चोवीस तास गस्त घालू, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही’ हे जे कंपनीचे प्रतिनिधी गोड आवाजात सांगतात, त्यातला ‘काहीच करावं लागणार नाही’ हा भाग कायद्यात बसतच नाही. तो बसवण्यासाठी मग कोऱ्या फॉर्मवर आगाऊ सह्या, किंवा ट्रकवाल्यालाच ‘असोसिएशनचा एजंट’ ठरवणं, असल्या वाटा निघतात. आणि फलक नीट लावलेला नसेल (सगळ्या प्रवेशांवर, किमान 17 गुणिले 22 इंच, एक इंचाची अक्षरं, पोलिसांचा आणि कंपनीचा फोन) किंवा गाडी उचलण्याचं कारण मागूनही सांगितलं नाही, तर गाडीवाल्याला टोइंगच्या दुप्पट रक्कम द्यायची जबाबदारी असोसिएशनवर येते. ‘खर्च: शून्य’ या ओळीखाली हे कुठे लिहिलेलं असतं?

हे नवं नाही. मराठी माणसाला तर ते चांगलं ठाऊक असायला हवं, कारण आपल्या इतिहासात हा प्रयोग एकदा राज्याच्या पातळीवर होऊन गेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे परगण्यांचा कारभार आणि वसुली, इजाऱ्याने (मक्त्याने) दिल्या जाऊ लागल्या. आधीच्या व्यवस्थेत मामलतदार हा नेमलेला अंमलदार होता. त्याचा हिशेब तपासला जाई, वागणूक बरी नसेल तर त्याला दूर करता येई. बाजीरावाने मामलतीची बोली लावली. जो जास्त रक्कम कबूल करेल त्याला परगणा, पुढे त्याने रयतेकडून काय आणि कसं वसूल करायचं हे त्याचं तो पाहील. दरबाराच्या वहीत ही व्यवस्था अगदी सुटसुटीत दिसत असणार. वसुलीचा खर्च नाही, कटकट नाही, रक्कम ठरलेली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये पेशव्यांच्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीने रयतेची काय दशा झाली होती ते वाचायला मिळतं. तो जेता होता, हरलेल्याबद्दल बरं लिहिण्याचं त्याला कारण नव्हतं, हे धरूनही त्याचा मुख्य मुद्दा उरतोच: अधिकार वापरणाऱ्याचं पोट जर वसुलीच्या आकड्यावर चालत असेल, तर तो न्याय करायला थांबत नाही. इजारदार सगळेच दुष्ट होते, असं कोणी म्हणत नाही. पुढच्या वर्षी परगणा दुसऱ्याकडे जाणार हे माहीत असलेल्या माणसाने दुसरं केलं तरी काय असतं?

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्रजांच्याच एका रुक्ष कायद्यात आहे. गावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना कोंडवाडा माहीत असेल. त्यामागे 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा होता. साम्राज्य काही रयतेच्या प्रेमाने भारलेलं नव्हतं. तरीही दुसऱ्याची वस्तू जबरदस्तीने अडकवून ठेवण्याचा अधिकार देताना त्या कायद्याने जी काळजी घेतली, ती आज आपली बोर्डं घेत नाहीत. पिकात शिरलेलं गुरू धरायचं कोणी? ज्याचं पीक आहे त्याने. आणि 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. कोंडवाडेवाल्याला स्वतः शेतं धुंडाळत फिरायची मुभा दिलेली नाही. त्याचं काम गुरू सांभाळणं, त्याला चारापाणी करणं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, नोटीस लावायची, गावात आणि बाजाराच्या ठिकाणी दवंडी पिटायची, त्यानंतरही कोणी आलं नाही तर लिलाव. आणि त्या लिलावात कोंडवाडेवाल्याने स्वतः बोली लावायची नाही, याचं वेगळं कलम आहे. गुरू विनाकारण धरलं असं वाटलं तर मालकाने दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जायचं, आणि ते खरं ठरलं तर धरणाऱ्याने भरपाई द्यायची. म्हणजे तक्रार एकाची, ताबा दुसऱ्याचा, निवाडा तिसऱ्याचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या म्हशीला जे संरक्षण होतं, ते एकविसाव्या शतकात टेस्लाला नको?

‘हे सगळं ठीक, पण आजकाल इतकं कोणी मनमानी करत नाही,’ असं उत्तर येतं. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरचं डॅन्स सिटी या टोइंग कंपनीचं प्रकरण पाहावं. 2007 च्या फेब्रुवारीत तिथल्या एका अपार्टमेंट संकुलात हिमवादळाच्या वेळी गाड्या हलवायचा नियम होता. एक रहिवासी आजारपणाने अंथरुणाला खिळलेला होता, त्याची गाडी हलली नाही, कंपनीने ती नेली. त्यानंतर त्याला रुग्णालयात जावं लागलं, पाऊल कापावं लागलं, हृदयविकाराचा झटका आला. तो घरी परतला तेव्हा कंपनी गाडीच्या लिलावाच्या तयारीत होती. त्याच्या वकिलाने गाडी परत मागितली, तरी कंपनीने ती तिसऱ्याच माणसाला देऊन टाकली आणि मालकाला छदामही मिळाला नाही. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालवाहतूक उद्योगावरची राज्यांची बंधनं सैल करणारा केंद्रीय कायदा आपल्याला लागू आहे, त्यामुळे राज्याच्या कायद्याखाली आमच्यावर दावाच चालत नाही, असा कंपनीचा बचाव होता. 2013 मध्ये न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. मला या खटल्यात कंपनीपेक्षा मालमत्तेच्या व्यवस्थापनाचं गैरहजर असणं जास्त बोचतं. बर्फ काढायचं आहे, नियम योग्यच होता. पण गाडी उचलायला सांगण्याआधी एका दारावर टकटक करणारं कोणी असतं, तर सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा हा खटला झालाच नसता.

अमेरिकी कायदेमंडळांना हे भोक कुठे आहे ते चांगलं माहीत आहे, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा त्याच जागी ठिगळ लावतात. टोइंग कंपनीकडून काम देण्याच्या बदल्यात कमिशन किंवा भेट घेऊ नये, असं कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू जर्सी या तिन्ही राज्यांना कायद्यात लिहावं लागलं. मेरीलँडने चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या हेरून कळवण्यासाठी पगारी माणसं ठेवायला बंदी घातली. 2005 मध्ये तर अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) केंद्रीय कायद्यात खास तरतूद केली, की मालमत्तेच्या मालकाची लेखी परवानगी किंवा प्रत्यक्ष हजेरी राज्यं सक्तीची करू शकतात. कोलोरॅडोने 2022 मध्ये बहुतेक प्रसंगी गाडी उचलण्याआधी 24 तासांची सूचना द्यायला लावली, आणि पैशांअभावी गाडी अडकून राहू नये म्हणून शुल्काचा काही भाग भरून ती सोडवून नेण्याची सोय केली. या सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: उचलणारा आणि ठरवणारा वेगळे ठेवा. फुकट फलक, फुकट गस्त, फुकट स्टिकर ही कायद्याच्या भाषेत लाच नाही, हे मान्य. पण बोर्डाला जे काम पैसे देऊन करून घ्यावं लागलं असतं ते कोणी फुकट करून देतो, आणि बदल्यात आपल्या शेजाऱ्यांकडून वसूल करायची मोकळीक घेतो, या व्यवहाराला आपण घरात बसून काय म्हणू?

आता खर्चाचं पाहू. समजा वसाहतीत 120 घरं आहेत. असोसिएशनने असा करार केला की प्रत्येक खेपेचे 150 डॉलर आम्ही देऊ, गाडी उचलली तरी आणि ट्रक येईपर्यंत मालकाने काढली तरी. वर्षाला 20 खेपा झाल्या तर 3000 डॉलर, घरामागे वर्षाचे 25. गाडीवाला सदस्य असेल तर सुनावणी घेऊन ते त्याच्याकडून मागता येतील. परका असेल तर तेवढा खर्च सोसायचा. यात बचत नाही, हे उघड आहे. पण दोन गोष्टी बदलतात. ट्रकवाल्याला फेऱ्या मारत बसण्यात रस उरत नाही, कारण बोलावल्याशिवाय पैसे नाहीत. आणि बोर्डाला प्रत्येक फोनची किंमत कळते. जे काम फुकट असतं ते माणूस विचार न करता करतो, मग तो कितीही सुशिक्षित असो. बिल आलं की ते बैठकीत वाचलं जातं, आणि वाचलं गेलं की कोणीतरी विचारतं, या महिन्यात पाच वेळा ट्रक का आला, पाचही वेळा डी बिल्डिंगसमोरच का? हा प्रश्न फुकट करारात कोणी विचारूच शकत नाही, कारण तिथे हिशेबच नसतो.

रात्री दोन वाजता कोण उठणार, या शंकेला माझं उत्तर कदाचित कडक वाटेल: कोणीच उठणार नसेल तर ती गाडी सकाळपर्यंत तिथे राहू द्यावी. फायर लेन सोडली, तर एवढी निकड कशाची असते? पाहुण्यांच्या जागेत परमिटशिवाय उभी असलेली गाडी रात्रभर राहिल्याने आभाळ कोसळत नाही. काचेवर इशाऱ्याचा कागद लावा, नंबर लिहून घ्या, दुसऱ्यांदा दिसली तर उचला. एखाद्या माणसाची गाडी, जिच्यावर त्याची नोकरी आणि मुलांची शाळा अवलंबून आहे, ती हलवण्याचा निर्णय झोपमोड करण्याइतका महत्त्वाचा ज्याला वाटत नाही, त्याला गाडी हलवण्याइतकाही तो महत्त्वाचा वाटू नये. परकी कंपनी निःपक्षपाती असते, हेही तपासून पाहण्यासारखं आहे. ती आपल्याला ओळखत नाही, एवढंच. जो ओळखत नाही त्याला हेही माहीत नसतं, की ती निळी होंडा आजींना डायलिसिसला नेणाऱ्या नर्सची आहे. शेजाऱ्याने सही केली तर वैर येईल, अशी भीती वाटते. पण सहीखाली नाव आहे म्हणूनच तो सही करण्याआधी दार वाजवेल. निनावी कारवाईने वैर टळत नाही. कोणी फोन केला याचा संशय मग सगळ्या गल्लीवर पसरतो.

टोइंग मुळीच नको म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचा दाखला द्यावा, तो त्यांच्या सोयीचा आहे. स्कॉटलंडच्या न्यायालयाने 1992 मध्येच खाजगी जागेवर गाडीच्या चाकाला क्लॅम्प (कुलूप) लावून पैसे मागणं ही खंडणी ठरवली, आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2012 पासून कायदेशीर अधिकाराशिवाय खाजगी जागेवरची गाडी अडकवणं किंवा उचलणं हा गुन्हा झाला. पण त्याच कायद्याने पार्किंगचं शुल्क गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून वसूल करण्याची वाट उघडली, आणि खाजगी कंपन्यांच्या धमकीवजा पत्रांचा नवा धंदा उभा राहिला. कमाई आकड्यावर ठेवली की ट्रक गेला तरी इजारा राहतो. शिवाय इथे परक्या गाडीवाल्याचा पत्ता एचओएला सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे ती वाटही नाही. म्हणून ट्रक ठेवावाच लागेल. फक्त त्याचा लगाम आपल्या हातात हवा. परवानगी देऊ शकणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं करारात असावीत. गस्त नको. प्रत्येक गाडीचा फोटो आणि कारण महिन्याच्या बैठकीत यावं. गोदाम किती लांब आहे, रात्री गाडी सोडवायला कोण असतं, हे एकदा कोणीतरी स्वतः जाऊन पाहावं. कायद्याने ते दहा मैलांच्या आत असायला हवं आणि कामाच्या वेळेनंतरही गाडी सोडायला हवी. गाडी वसाहतीबाहेर पडण्याआधी मालक पोचला तर गाडी सोडावीच लागते, हे चालकाला सांगितलेलं असावं. आणि करार 30 दिवसांच्या सूचनेवर मोडता यावा. हे सगळं मान्य करणारी कंपनी कदाचित एकच मिळेल. ती घ्यावी.

राहिला जागेचा तुटवडा, ज्याच्यापायी हे सगळं सुरू होतं. आमच्यासारख्या बहुतेक वसाहतींत दर घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्यात गाडी लावलीच पाहिजे, असा नियमही आहे. त्या गॅरेजांत काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे: कॉस्टकोची खोकी, धूळ खाणारी ट्रेडमिल, तीन वर्षांपूर्वीचं थर्माकोलचं मखर. गाड्या रस्त्यावर. पाहुण्याची गाडी उचलण्याच्या करारावर सही करण्याआधी बोर्डाच्या पाचही सदस्यांनी आपापल्या गॅरेजचं दार बैठकीपुरतं उघडून दाखवावं, असा ठराव मी पुढच्या वेळी मांडणार आहे. अनुमोदन मिळेल असं वाटत नाही.